आधी स्प्रिंग, मग कॅम

जेनेल ट्वेटच्या गॅरेजमध्ये कामाच्या टेबलावरच्या भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहून ठेवलंय: आधी स्प्रिंग, मग कॅम. नवा कॅम बगलेत मारून गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ती तोंड उघडत नाही, नुसतं भिंतीकडे बोट करते. कॅम म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा. उंचवटे मोठे असले की व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि गाडीला जोर येतो. पण उघडलेला व्हॉल्व्ह वेळेत मिटवायचं काम स्प्रिंगचं, आणि कारखान्याच्या नरम स्प्रिंगेला ते झेपत नाही. व्हॉल्व्ह उघडा राहतो, खालून पिस्टन येऊन त्याच्यावर आदळतो आणि इंजिनाचा चुरा होतो. हे पुराण तिनं अर्ध्या काउंटीला ऐकवलंय. आणि त्या शनिवारी, जत्रेच्या मातीच्या ट्रॅकवर तिच्या भावाची गाडी पहिली आली, तेव्हा त्या गाडीत कॅम नवा होता आणि स्प्रिंगा जुन्या होत्या.

झालं होतं असं की दुकानदारानं चुकीचा संच पाठवला. तो परत करून बरोबर संच येईपर्यंत शनिवार उजाडला. बाकी सगळी तयारी तिनं करून ठेवली होती. स्प्रिंगांच्या बैठकी नव्या मापाच्या कापल्या होत्या, पिस्टनच्या डोक्यावर मऊ मातीचा गोळा ठेवून इंजिन हातानं फिरवलं होतं, गोळा ब्लेडनं कापून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये किती फट राहते ते मोजलं होतं. फक्त स्प्रिंगा नव्हत्या. पार्सलवाला डबा टाकून गेला तेव्हा गाडी ट्रेलरवर चढून बांधून झाली होती आणि तिचा भाऊ कर्ट ट्रकचा हॉर्न वाजवत होता. एकच शर्यत, तो म्हणाला, पंचवीस फेऱ्या, सांभाळून चालवतो. जेनेलनं स्वतःला शिव्या घातल्या आणि मिनिटाला इंजिनाचे किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या त्याच्या काट्यावर साडेपाच हजारांच्या आकड्याशी लाल चिकटपट्टी लावली. काटा पट्टीच्या पुढे गेला तर घरी येऊ नकोस, असं बजावलं.

कर्टनं ऐकलं. कंबरेत लोखंडी सळई घेऊन नऊ वर्षं जगणारा माणूस ऐकतो. काटा त्यानं पट्टीच्या पुढे जाऊ दिला नाही, आणि तरी नव्या कॅमच्या जोरावर वळणांतून असा सुटला की कोणाच्या हाती लागला नाही. जेनेल कुंपणाला धरून उभी होती. तिला आनंद झाला, नाही असं नाही. पण तो पुरं अर्धं मिनिटही टिकला नाही, कारण तिसरी आलेल्या गाडीचा मालक खिशात हात घालून पंचांच्या तंबूकडे निघालेला तिला दिसला.

या शर्यतींचा एक नियम आहे. पहिल्या पाचात आलेला कोणीही जिंकणाऱ्याच्या इंजिनावर दावा लावू शकतो. साडेपाचशे डॉलर पंचाच्या हातावर ठेवायचे आणि इंजिन तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, गाडीतून उपसून न्यायचं. नाही म्हटलं तर जिंकलेलं जातं आणि वर्षभराचे गुणही जातात. पैसेवाल्यांनी महागडी इंजिनं घालून गरिबांना धुऊ नये म्हणून कोणा शहाण्यानं हे काढलं, आणि तेव्हापासून त्यावरून जितकी भांडणं झाली तितकी पैशांवरूनही झाली नसती. दावा लावायला निघालेला हार्लन डायक्स्ट्रा होता. त्याची मुलगी ब्रिन गाडी चालवते, वर्षाच्या गुणांत ती पहिली आणि कर्ट तीन गुणांनी मागे. शेवटची शर्यत सोमवारी. आणि ब्रिनचं इंजिन शेवटच्या पाच फेऱ्या निळा धूर सोडत होतं. हार्लनला इंजिन हवंच होतं. नियमाप्रमाणे तो घेत होता, त्यात गैर काही नव्हतं.

इंजिन साखळीवर चढलं की ज्याचं जातंय त्यानं त्याची बदनामी करायची, हाही इथला रिवाजच. ऑइल पितंय म्हणायचं, बेअरिंग गेलंय म्हणायचं. कोणी खरं मानत नाही, मानावं अशी अपेक्षाही नसते. माणसं कागदाच्या द्रोणातलं तळलेलं चीज खात भोवती जमली होती.

"न्या हार्लन, न्या," कर्ट म्हणाला. "आत उंदरांनी घर केलंय, त्यांना तेवढं सांभाळा."

लोक हसले. जेनेल पुढे झाली.

"हार्लन, त्यात कॅम नवा आहे आणि स्प्रिंगा जुन्या आहेत. साडेपाच हजारांच्या वर नेऊ नका."

यावर तर हशा दुप्पट झाला. कोणी शिट्टी मारली. अगदी आकडा सांगून बदनामी आजवर कोणी केली नव्हती. कर्टही हसला, त्याला वाटलं बहीण आज रंगात आलीय. हार्लन तेवढा हसला नाही. तोंडातली पेपरमिंटची गोळी त्यानं एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली, तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "असं का." मग साखळी ओढायला लागला. इंजिन त्याच्या ट्रकमध्ये गेलं. लाल पट्टी कर्टच्या काट्यावर राहिली.

घरी जाताना ट्रकमध्ये कर्ट म्हणाला, सांगितलंस ना तू, चारचौघांत सांगितलंस, मग आपलं काम संपलं. जेनेल म्हणाली, कोणी ऐकलं नाही. तो म्हणाला, न ऐकणं हा त्यांचा प्रश्न. सोमवारी त्यांची गाडी मध्येच थांबली तर वर्षाच्या विजेतेपदाची ढाल आपल्या घरी, एवढं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं आणि तो ते लपवतही नव्हता.

"थांबली तर ठीक," जेनेल म्हणाली. "फिरली तर?"

कर्ट खिडकीबाहेर मक्याकडे बघत राहिला. ब्रिन एकोणीस वर्षांची आहे आणि तिचा पाय ॲक्सिलरेटरवर तळापर्यंत दाबलेला असतो. तिचा काटा सात हजारांला टेकतो हे अख्ख्या काउंटीला कानांनी माहीत आहे. वळणात इंजिन फुटलं की ऑइल स्वतःच्याच मागच्या चाकांखाली जातं, गाडी आडवी होते, आणि मागून वीस गाड्या येत असतात. कर्टला हे कोणी सांगायला नको होतं.

नऊ वर्षांपूर्वी त्याचं तेच झालं होतं. तेव्हा दावा त्यानं लावला होता, हार्लनच्या इंजिनावर. पुढच्या शर्यतीत चौथ्या फेरीला व्हॉल्व्ह तुटला, गाडी आडवी झाली आणि दुसरी गाडी त्याच्या दारात घुसली. चौदा आठवडे तो अंथरुणात होता. डोक्यालाही मार होता. त्या आधीचे आठ-दहा दिवस त्याच्या आठवणीतून पुसले गेले ते गेलेच. आणि तेव्हापासून सगळ्या काउंटीला पक्कं ठाऊक आहे की हार्लन डायक्स्ट्रानं मोडकं इंजिन गुपचूप दिलं, एका अक्षरानं सांगितलं नाही. हार्लनशी लोक बोलतात, पण जेवढ्यास तेवढं. त्याच्या मुलीला शाळेत यावरून काय काय ऐकावं लागलं ते तिचं तिला माहीत.

हे काउंटीला कोणी सांगितलं? जेनेलनं. हॉस्पिटलच्या बाकावर आईनं विचारलं होतं, हार्लनला माहीत असणार, तो काहीच बोलला नाही का गं? आणि जेनेल म्हणाली होती, एक अक्षर नाही. खरं असं होतं की हार्लन बोलला होता. त्याच तंबूपाशी, इंजिन साखळीवर लटकत असताना, गर्दीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला होता, आणि कर्ट हसला होता, आणि त्याच्या शेजारी उभी राहून तीही हसली होती. दुसऱ्या दिवशी वरचं झाकणसुद्धा न उघडता ते इंजिन भावाच्या गाडीत तिनंच बसवलं होतं. आईच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं असतं तर ती स्वतः उघडी पडली असती. ती भ्याली. एकदा भ्याली आणि मग नऊ वर्षं ते निस्तरायची हिंमत झाली नाही, एवढी साधी गोष्ट होती.

रविवारी दुपारी एक वाजता, डच लोकांचं चर्च सुटून जेवणं झाली असतील असा हिशेब करून, ती स्प्रिंगांचा डबा घेऊन हार्लनच्या अंगणात उभी राहिली. गॅरेजचं दार बंद होतं. हार्लन चर्चच्याच शर्टात ओसरीवर आला. ब्रिन पायरीवर बसून ॲपल पाय खात होती, ताटली गुडघ्यावर ठेवून.

"काल मी चेष्टा केली नाही," जेनेल म्हणाली.

"काल सगळेच चेष्टा करत होते."

तिनं डबा पुढे केला. पावतीवरची तारीख दाखवली. आत्ता बसले तर संध्याकाळपर्यंत सोळाच्या सोळा बदलून देते म्हणाली, फुकट.

"आज रविवार आहे," हार्लन म्हणाला. "या गॅरेजचं दार रविवारी माझ्या बापानं उघडलं नाही आणि मीही नाही. आता तुझ्यासाठी उघडू?"

"मग उद्या पहाटे."

"उद्या बाराच्या आत गाडी तपासणीला उभी लागते. पहाटे मी इंजिन उघडून तुझ्या हातात देऊ, आणि बाराला तू म्हणशील एक राहिली. ब्रिन घरी, कर्टला ढाल. तुझ्या जागी मी असतो तर मला याहून चांगली युक्ती सुचली नसती."

जेनेलला संताप आला. एवढं धावत यायचं आणि वर हे ऐकायचं. मी तसली नाही, ती म्हणाली.

"तू कसली आहेस ते मला नऊ वर्षं माहीत आहे."

ब्रिनच्या हातातला खायचा काटा ताटलीवर थांबला. हार्लनचा आवाज चढलेला नव्हता. उलट तो फार सावकाश बोलत होता, रोज मनात म्हणून पाठ झाल्यासारखं.

"त्या दिवशी तंबूपाशी मी कर्टला काय म्हणालो होतो?"

"बाबा, असू द्या ना," ब्रिन म्हणाली.

"नाही. हिला बोलू दे. ही त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी होती."

आठवत नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. नऊ वर्षं झाली होती, कोणालाही पटलं असतं. तिनं ब्रिनकडे पाहिलं. पोरीच्या उजव्या पायातला बूट पुढून झिजून पांढरा पडला होता, ॲक्सिलरेटरवर तो दाबून दाबून. सात हजार, जेनेलच्या मनात आलं, सात हजार, आणि त्या नरम स्प्रिंगा.

"तुम्ही म्हणालात, चालवू नकोस पोरा, सहा नंबरचा व्हॉल्व्ह गेलाय. नियम आहे म्हणून देतोय, पण चालवू नकोस." तिनं श्वास घेतला. "आम्ही हसलो. दोघंही. दुसऱ्या दिवशी न उघडता मीच ते बसवलं. आणि आईला मी खोटं सांगितलं."

ब्रिननं ताटली पायरीवर ठेवली आणि उठून घरात गेली. जाळीचं दार तिच्या मागे आपटलं. हार्लननं गोळी दातांखाली फोडली. तो आवाज जेनेलला नीट ऐकू आला. मग तो म्हणाला,

"हे मला कशाला सांगतेस? मी तिथे होतो. ज्याला आठवत नाही त्याला सांग. त्याला सांगितलंस तर उद्या पहाटे पाचला ये. दार उघडं असेल."

घर वीस मिनिटांवर होतं. जेनेलला ते फार लवकर आल्यासारखं वाटलं. कर्ट गॅरेजमध्ये गाडीच्या पत्र्यावरचा वाळलेला चिखल खरवडत होता. शेजारी घोडीवर त्यांचं जुनं जादाचं इंजिन होतं, सोमवारी त्याच्यावरच भागवायचं होतं. बोलायला सुरुवात कशी करायची हे तिनं रस्ताभर ठरवलं होतं आणि त्यातलं एक वाक्य वेळेला आठवलं नाही. हार्लननं तुला सांगितलं होतं, एवढंच ती म्हणाली, आणि मग बाकीचं सगळं तिच्या तोंडातून वेडंवाकडं बाहेर पडलं. खरवडण्याचा आवाज मध्येच कधीतरी थांबला.

"तू हसलीस?" कर्टनं विचारलं.

"हो."

"आणि मी?"

"तू आधी."

त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. कंबरेवर हात दाबून, नेहमी उठतो तसा दोन टप्प्यांत उठला. तो ओरडला असता तर जेनेलला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही, लंगडत दारातून बाहेर गेला आणि त्याचा ट्रक सुरू झाल्याचं तिनं ऐकलं. आपण आज एक माणूस वाचवायला निघालो आणि भाऊ घालवून बसलो, असं तिला स्पष्ट वाटलं. ती टेबलाशी बसली आणि रडली. भिंतीवरची लाल अक्षरं तेवढी समोर होती.

पहाटे साडेचारला ती गॅरेजमध्ये आली तर टेबलावर डबा नव्हता. कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या सळयांचं, म्हणजे पुशरॉडचं, बंडलही नव्हतं, स्प्रिंग दाबायची कांब नव्हती. काल परत आल्यावर डबा तिनं इथेच ठेवला होता, तिला पक्कं आठवत होतं. कर्टच. दुसरं कोण? त्याला ढाल हवी होती, आणि आता तर तिच्यावर राग काढायलाही कारण होतं. तिनं फळ्या शोधल्या, कचऱ्याचा पिंप शोधला. पाचला वीस कमी असताना ती मोकळ्या हातांनी ट्रककडे धावली, निदान तोंडानं तरी सांगू म्हणून, आणि दार उघडलं तर शेजारच्या सीटवर सगळं होतं. डबा, पुशरॉड, कांब, वर सुती दोराचं भेंडोळं. दोर तर ती स्वतः विसरली असती.

हार्लनच्या गॅरेजमध्ये इंजिन घोडीवर होतं, झाकणं उतरवलेली, दिवे लागलेले. तो पुढ्यात स्प्रिंग तोलायचा काटा घेऊन बसला होता. सांगितलंस का, असं त्यानं विचारलं, तिनं मान हलवली, आणि दोघं कामाला लागली.

डोकं न उतरवता स्प्रिंग काढायची तर व्हॉल्व्ह आत पडू नये याची सोय करावी लागते. जेनेलनं पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, त्या भोकातून दोर हातभर आत सारला आणि इंजिन हातानं फिरवून पिस्टन वर आणला. दोराचा गठ्ठा दाबला गेला आणि व्हॉल्व्ह खालून घट्ट धरले गेले. मग कांबेनं स्प्रिंग दाबायची, व्हॉल्व्हच्या गळ्यातली दोन अर्धी कडी, त्यांना लॉक म्हणतात, ती चुंबकानं उचलायची, आणि स्प्रिंग बाहेर. पहिली निघाली ती हार्लननं तिच्या हातातून घेतली आणि काट्यावर दाबली. एकशे दहा पौंड दाखवायला हवे होते. काटा अठ्ठ्याहत्तरवर थांबला. त्यानं दुसरी दाबली. मग तिसरी, चौथी. पाचवी त्यानं तोललीच नाही. काटा कपाटात ठेवला आणि तिच्या बाजूला येऊन दिवा धरून उभा राहिला. ब्रिन इतका वेळ दारात हाताची घडी घालून उभी होती. तिनं केस बांधले आणि दुसऱ्या बाजूचे प्लग सोडायला घेतले. जेनेलशी ती एक शब्द बोलली नाही.

सव्वाआठपर्यंत बारा स्प्रिंगा बदलून झाल्या होत्या. साडेनवाला सोळावी बसवताना कांब निसटली, खाडकन आवाज झाला आणि लॉकचं एक अर्धं कडं उडालं. तिघंही जागच्या जागी थिजली. नखाएवढा तुकडा तो, पण इंजिनात गेला असेल तर सकाळभरचं काम मातीत, आणि कळायचं तेही शर्यतीतच. जेनेलनं ताटलीतले उरलेले मोजले, पुन्हा मोजले. एक कमीच होतं.

"ऑइलची भोकं चिंध्यांनी बंद केलीस ना?" हार्लननं विचारलं.

"सगळ्यात आधी."

"सगळी?"

तिनं सगळी केली होती. पण त्या माणसानं तिच्या शब्दावर का विश्वास ठेवावा, हे तिलाही सांगता आलं नसतं. हार्लननं चिंध्या एकेक करून स्वतः काढून झटकल्या. काही नाही. ब्रिन जमिनीवर पालथी पडून बॅटरी फिरवत होती. घड्याळ दहाकडे चाललं होतं आणि इंजिन अजून गाडीत चढवायचं होतं. डब्यात नवं जादाचं लॉक होतं, ते बसवून मोकळं होता आलं असतं. पण हरवलेलं सापडल्याशिवाय झाकण लावणार नाही, असं जेनेलनं सांगितलं. मग शर्यत गेली तरी चालेल? हार्लननं विचारलं. चालेल, ती म्हणाली. कालची त्याची शंका दोघांच्याही मनात आली असणार. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गुडघे टेकून तोही शोधायला लागला.

ते ब्रिनला सापडलं. जेनेलच्याच दुमडलेल्या बाहीत, ग्रीसमध्ये रुतून बसलेलं. ब्रिननं ते दोन बोटांनी उपसून तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे घ्या," ती म्हणाली. ती एवढंच बोलली, पण बोलली.

बाराला सात मिनिटं कमी असताना डायक्स्ट्रांची गाडी तपासणीच्या रांगेत लागली. जेनेल कोपरापर्यंत काळी, पायांत गोळे आलेले, तशीच कुंपणाशी जाऊन उभी राहिली. कर्टच्या गाडीपाशी जायची तिची छाती झाली नाही. तो आपल्या दोन मित्रांना घेऊन जुनं इंजिन बसवून आला होता. दुरून त्यानं तिला पाहिलं आणि हेल्मेट चढवलं.

पंचवीस फेऱ्या जेनेलनं गाडी बघितलीच नाही, नुसती ऐकली. ब्रिनचं इंजिन सरळ पट्ट्यावर वर वर चढत जायचं, सहा हजार, साडेसहा, सात, आणि प्रत्येक वेळी वळणाच्या तोंडाशी जेनेलची मूठ कुंपणाच्या जाळीवर आवळायची. सोळा स्प्रिंगा एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून जायच्या. ही नीट बसली का, ते लॉक घट्ट लागलं का. आवाज स्वच्छ होता. शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. ब्रिन पहिली आली. तिनं गाडी तंबूपुढे लावली, छपरावर चढली आणि दोन्ही हात वर केले. तेव्हा कुठे जेनेलनं जाळी सोडली.

कर्ट पाचवा आला. जुन्या इंजिनावर पाचवा म्हणजे त्यानं जीव काढला होता. आणि पाचवा म्हणजे त्याला दावा लावता येत होता. हे जेनेलच्या ध्यानात आलं तोवर तो गाडीतून उतरला होता, खिशात हात घालून, लंगडत, तंबूच्या दिशेनं निघाला होता. लोकांच्याही ध्यानात आलं. चीजचे द्रोण घेऊन माणसं पुन्हा जमायला लागली. आता घे म्हणावं परत, कोणीतरी म्हणालं, स्प्रिंगा फुकट. जेनेलला वाटलं, घेईल. का नाही घेणार? इंजिन त्याचंच, ढाल गेलेली, आणि बहिणीनं नऊ वर्षं फसवलेलं. ती गर्दीतून वाट काढत धावली.

कर्ट पंचाच्या टेबलासमोरून तसाच पुढे गेला. हार्लनसमोर जाऊन थांबला. हार्लन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. त्यानं हात काढला नाही.

"त्या दिवशी मला काय म्हणाला होतात, ते पुन्हा म्हणा," कर्ट म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता, मागच्यांनाही ऐकू जाईल इतका.

हार्लननं भोवतालच्या माणसांकडे पाहिलं. छपरावर बसलेल्या ब्रिनकडे पाहिलं.

"चालवू नकोस पोरा," तो म्हणाला. "सहा नंबरचा व्हॉल्व्ह गेलाय."

कोणी हसलं नाही.

"ऐकलं," कर्ट म्हणाला.

एवढं बोलून तो वळला. हार्लननं खिशातून पेपरमिंटची सुरळी काढून त्याच्यापुढे धरली. कर्टनं एक गोळी घेतली, तोंडात टाकली आणि जेनेलपाशी येऊन थांबला. कालपासून पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुझ्याशी बोलायला मला वेळ लागेल," तो म्हणाला.

"थांबते मी," जेनेल म्हणाली, आणि ट्रेलरची फळी खाली सोडायला त्याच्या मागोमाग निघाली.